विदारणामुळे ढासळणारा उतार प्रयोगशाळेत कसा उभा करायचा? बंध हळूहळू कमकुवत होतच नाहीत

उतारकोन_७०:

नमस्कार. विदारणाने (हवा-पाण्याच्या परिणामाने खडक जागच्या जागी सैल होण्याने) खडकाची ताकद कमी होत जाते आणि एका टप्प्यावर उतार कोसळतो, ही प्रक्रिया छोट्या प्रतिकृतीत दाखवायची आहे. मांडणी अशी:

टाकी १२०० मिमी लांब, ४०० मिमी रुंद, ७०० मिमी उंच. समोर काच, मागे प्लायवूड. उताराची उंची ५०० मिमी, कोन ७० अंश, माथ्यामागे ६०० मिमी सपाट भाग. बारीक सिलिका वाळू, सरासरी कण ०.२५ मिमी, कोरडी घनता १.५५ ग्रॅम प्रति घसेमी. बंधासाठी वजनाच्या ३ टक्के प्लास्टर ऑफ पॅरिस. वाळूत ८ टक्के पाणी घालून ५० मिमीच्या थरांत ठोकून भरली, तीन दिवस सुकवली. विदारण म्हणून वरून आणि समोरून बारीक फवारा, तासाला साधारण १० लिटर.

दिसते ते असे. पहिल्या काही मिनिटांत दर्शनी भागाचा १० ते १५ मिमी जाडीचा पापुद्रा सुटतो. त्यानंतर दोन दिवस काहीच घडत नाही. प्लास्टर १ टक्क्यावर आणले तर उलट: फवारा सुरू होताच सगळा उतार एका दमात बसतो, मधली अवस्था मिळतच नाही.

प्रश्न चार आहेत. बंध सावकाश आणि मोजता येईल असा कमी करण्यासाठी कोणता पदार्थ वापरावा? कोसळण्याच्या क्षणी कोहिजन (कणांना एकमेकांशी धरून ठेवणारी ताकद) किती होते हे कसे कळणार? शिअर बॉक्सची (नमुना दाबाखाली आडवा कापून ताकद मोजणाऱ्या पेटीची) आकडेवारी ५०, १०० आणि २०० किलोपास्कलवरची आहे, ती इथे चालेल का? आणि वेळेचे प्रमाण कसे लावायचे?

---

कातळकडा:

आधी एक आकडा काढा, म्हणजे बहुतेक गोष्टी आपोआप उलगडतील. सपाट घसरपृष्ठ धरून कुलमानचे सूत्र लावले तर

कोसळण्याची उंची = (४ × कोहिजन ÷ एककभार) × (साइन उतारकोन × कोसाइन घर्षणकोन) ÷ (१ − कोसाइन (उतारकोन − घर्षणकोन))

घर्षणकोन (कणांमधले घर्षण दाखवणारा कोन) ३५ अंश, एककभार (एक घनमीटर वाळूचे वजन) १६ किलोन्यूटन प्रति घनमीटर, उतार ७० अंश. उजवीकडचा सगळा गुणक १७ येतो. म्हणजे अर्धा मीटर उंचीचा तुमचा उतार कोसळायला कोहिजन ०.४७ किलोपास्कलपर्यंत उतरले पाहिजे. वक्र पृष्ठ घेतले तर हा आकडा थोडा वर जातो, पण राहतो त्याच पट्टीत. अर्धा किलोपास्कल म्हणजे जेमतेम ५ सेंटिमीटर पाण्याचा दाब.

आता अडचण बघा. ०.२५ मिमीच्या ओल्या वाळूत केशाकर्षणामुळे (कणांमधले थोडे पाणी कणांना ओढून धरते त्यामुळे) येणारे आभासी कोहिजनच १ किलोपास्कलच्या आसपास असते. ओल्या वाळूचा किल्ला उभा राहतो तो त्याच जोरावर. तेव्हा प्लास्टरचा शेवटचा कण विरघळला तरी तुमचा उतार ओलेपणावरच उभा राहणार. दोन दिवस काही घडत नाही याचे हे एक कारण.

दुसरे कारण विद्राव्यतेचे. तुमच्या उतारात सुमारे ०.१३८ घनमीटर, म्हणजे २१० किलोच्या वर वाळू आहे. ३ टक्के प्लास्टर म्हणजे ६.३ किलो. पाण्याशी संयोग होऊन त्याचे साडेसात किलो जिप्सम होते. जिप्समची विद्राव्यता लिटरला २.४ ग्रॅमच्या घरात. सगळे धुऊन काढायला ३१०० लिटर पाणी लागेल. तासाला १० लिटरने १३ दिवस, आणि तेही बाहेर पडणारा प्रत्येक थेंब जिप्समने पूर्ण संपृक्त झाला आहे असे धरून. प्रत्यक्षात पाणी सोप्या वाटेने निसटते, काही पट्टे धुतले जातात आणि बाकीचा भाग तसाच राहतो.

मग पहिल्या मिनिटांत पापुद्रा का सुटला? कारण जिप्सम ओले झाले की न विरघळताच मऊ पडते. सुक्या प्लास्टरच्या तुलनेत ओल्याची ताकद निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. म्हणजे तुम्ही विदारण म्हणून जे टिपले ते फक्त भिजणे होते. १ टक्क्याच्या नमुन्यातही तेच झाले, फक्त तिथे निम्मी ताकद उतार तोलायला पुरेशी नव्हती. या दोन गोष्टी वेगळ्या करता आल्या नाहीत, तर प्रयोगातून विदारणाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. माझ्या मते सगळ्या मांडणीतला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच.

पदार्थाबद्दल: एक ग्रॅव्हिटीवर, म्हणजे सेंट्रिफ्यूजशिवाय (प्रतिकृती वेगाने फिरवून तिचे वजन वाढवणाऱ्या यंत्राशिवाय) करायचे असेल तर साधे मीठ घ्या. १०० ग्रॅम पाण्यात ३६ ग्रॅम विरघळते. वाळूच्या १ टक्का मीठ म्हणजे २.१ किलो, त्याला ६ लिटर पाणी पुरते. तुमच्या उतारातली पोकळी ५७ लिटर आहे, म्हणजे दहावा हिस्सासुद्धा भिजवून बंध मोडता येतात. शिवाय मिठाचा एक फार उपयोगी गुण आहे: हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते स्वतःच पाणी ओढून विरघळू लागते. फवाऱ्याऐवजी टाकीवर प्लास्टिकचे आच्छादन घालून आत अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायरची दमट हवा सोडली, तर थेंबांच्या माऱ्याने होणारी धूप टळते आणि आर्द्रता ८० वर ठेवायची की ९५ वर, यावरून बंध किती वेगाने सुटतील ते ठरवता येते.

केशाकर्षणाचे उरलेले कोहिजन मात्र इथेही आहेच. त्यावर तीन उपाय, तिन्ही एकत्र केले तर उत्तम. कण मोठा करा: ०.६ ते १ मिमी वाळूत हे कोहिजन बरेच कमी होते. मिठाच्या द्रावणात थोडे सर्फॅक्टंट घाला: पाण्याचा पृष्ठताण मीटरला ७२ मिलिन्यूटन असतो, तो ३० च्या आसपास येतो आणि चूषण जवळपास त्याच प्रमाणात उतरते. खारट पाण्यात गुठळ्या न होणारे, आयन नसलेले सर्फॅक्टंट निवडा. साधा साबण मिठाने फाटतो. तिसरा उपाय, दर्शनी बाजू ९० अंशांची कापा. मग सूत्रातला गुणक ७.७ होतो आणि कोसळायला लागणारे कोहिजन १.०४ किलोपास्कलवर जाते. नियम असा ठेवा: कोसळण्याचे अपेक्षित कोहिजन हे ओल्या, बंध नसलेल्या वाळूच्या कोहिजनच्या किमान दुप्पट असावे. नसेल तर मांडणी बदला.

---

थरावर_थर:

मिठाबद्दल सहमत, पण ते भरताना आणि सुकवताना जे बिघडते ते आधी माहीत असायला हवे, नाहीतर वर कवच आणि आत मोकळी वाळू असा नमुना हाती येतो.

८ टक्के ओलाव्याने भरून सुकवले तर पाणी पृष्ठभागाकडे ओढले जाते, तिथे उडते आणि मीठ तिथेच साचते. दर्शनी भागावर पांढरा कडक थर दिसला की समजा, आतले बंध उपाशी राहिले. यावर ओलावा ३ ते ४ टक्क्यांवर ठेवा. इतक्या कमी ओलाव्यात पाणी कणांच्या स्पर्शबिंदूंपाशी सुटे सुटे राहते, सलग वाट नसल्याने मिठाला फारसे सरकता येत नाही. संपृक्त द्रावणाचे पाणी ३ टक्के घेतले की १०० किलो वाळूत १.०८ किलो मीठ जाते, म्हणजे वर सांगितलेला १ टक्का बरोबर जमतो. द्रावण एकदम ओतू नका. मिक्सर फिरता ठेवून पिचकारीने १० मिनिटांत पसरवा, आणि भरेपर्यंत वाळू झाकून ठेवा.

ठोकण्याचे थर ५० मिमीचे नकोत, २५ ते ३० घ्या. वजन मोजून टाका आणि ठरलेल्या उंचीपर्यंतच दाबा. "इतके ठोके" हे माप विश्वासाचे नाही, कारण खालचा थर वरच्या ठोक्यांनी आणखी दबतो. म्हणून खालचे थर ठरलेल्या घनतेपेक्षा किंचित सैल भरतात. पुढचा थर टाकण्याआधी आधीच्या थराचा वरचा ५ मिमी भाग काट्याने खरवडा. हे टाळले तर उतार थरांच्या सांध्यावर आडवा सुटतो आणि ते घसरपृष्ठ खरे वाटते.

उतार आधी आकार देऊन सुकवू नका. पूर्ण चौकोनी ठोकळा भरा, ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या फिरत्या हवेत वजन स्थिर होईपर्यंत सुकवा, आणि मग दर्शनी बाजूने ३० मिमी व माथ्यावरून २० मिमी कापून टाका. कवच त्याबरोबर निघून जाते. कापायला ताणलेली बारीक तार, काचेला लागून पातळ पाते. वरून खाली कापत या. खालून सुरुवात केली तर वरचा भाग लटकतो आणि माथ्यापाशी भेग पडते, ती पुढे ताणाची भेग म्हणून मोजली जाते.

जिप्समवरच काम करायचे असेल तर सुकवण्याचे तापमान ४० ते ४५ अंशांच्या वर नेऊ नका. त्यापुढे जिप्सममधले पाणी निघू लागते आणि बंधच बदलतो. मिश्रण २० मिनिटांत घट्ट होते, २१० किलो भरायला तेवढा वेळ पुरत नाही. अर्धवट घट्ट झालेले मिश्रण ठोकले की बनलेले बंध तुटतात. चिमूटभर सायट्रिक आम्लाने वेळ वाढतो, पण प्रमाण आधी छोट्या घाण्यावर ठरवा.

चुना किंवा कॅल्साइटचा बंध आणि त्यावर विरल आम्ल, हा मार्गही वापरला जातो आणि चुनखडीसाठी तो रासायनिकदृष्ट्या खऱ्याच्या जास्त जवळ आहे. एवढ्या मोठ्या टाकीत मात्र नको. २ टक्के कॅल्साइट म्हणजे सव्वाचार किलो, ४२ मोल. त्याला ८४ मोल हायड्रोक्लोरिक आम्ल लागते, ०.१ मोलर द्रावणाने ८४० लिटर. सुटणारा कार्बन डायऑक्साइड हजार लिटरच्या वर. त्याचे बुडबुडे पोकळीत अडकतात, पाण्याची वाट अडवतात, आतून दाब देतात, आणि बंद खोलीत तो वायू जमिनीलगत साचतो. ६० मिमीच्या नमुन्यावर, हवा खेळती ठेवून करण्यासारखे काम आहे.

---

उतारकोन_७०:

दोघांचेही आभार. भिजणे आणि विदारण यांतला फरक लक्षातच आला नव्हता. सर्फॅक्टंट आणि जाड वाळू घेऊन ९० अंशांवर जातो. आता कोहिजन मोजण्याबद्दल आणि वेळेबद्दल सांगाल का? शिवाय पहिल्यांदा कोसळल्यावर पायथ्याचा ढिगारा तसाच ठेवायचा की काढायचा?

---

सूक्ष्मसरक:

५० ते २०० किलोपास्कलची आकडेवारी इथे चालणार नाही. तुमच्या उतारात घसरपृष्ठावरचा सरासरी लंबदाब १ किलोपास्कलच्या आसपास आहे. कमी दाबावर वाळू जास्त फुगते, घर्षणकोन मोठा येतो, आणि ताकदीची रेषा वाकलेली असते. उच्च दाबावरची सरळ रेषा मागे ताणून शून्यावर जे "कोहिजन" मिळते ते निव्वळ त्या वाकण्याचे असू शकते, कधी कधी तुम्हाला हव्या असलेल्या अर्ध्या किलोपास्कलच्या कितीतरी पट.

६० × ६० मिमी बॉक्सवर २, ५ आणि १० किलोपास्कल लावा. ५ किलोपास्कलला १८ न्यूटन, म्हणजे १.८३ किलो लागतात. इतक्या कमी दाबाला लीव्हर वापरू नका, वजने थेट टांगा. वरची टोपी, गोळी, टांगणी आणि बॉक्सच्या वरच्या अर्ध्या भागातली वाळू, सगळ्यांचे वजन हिशेबात धरा. बॉक्सचे दोन भाग एकमेकांवर घासले तर तेच घर्षण मोजमापापेक्षा मोठे होते. कापण्याआधी वरचा भाग साधारण १ मिमी उचला, आणि रिकाम्या बॉक्सची एक चाचणी घेऊन ते घर्षण वजा करा.

हे नमुने उताराबरोबर त्याच घाण्यातून भरा, त्याच टाकीत, त्याच दमट हवेत ठेवा. छिद्रांच्या साच्यात, प्रत्येक वेळेसाठी तीन. दर दोन तासांनी एक तिकडी काढून कापली की काळ आणि कोहिजन यांचा आलेख मिळतो. नमुना सुकू देऊ नका. विरघळलेले मीठ जागच्या जागीच असते, पाणी उडाले की पुन्हा स्फटिक होऊन बंध परत येतो. त्याच कारणाने टाकीजवळ गरम होणारा दिवाही नको. एलईडी घ्या.

एक स्वस्त पडताळणी: त्याच मिश्रणाचे सुटे, उभे स्तंभ. सुट्या स्तंभाची दाबताकद २ × कोहिजन × टॅन (४५ + घर्षणकोनाचा अर्धा). कोहिजन १.०४ आणि कोन ३५ घेतला तर ४ किलोपास्कल, म्हणजे २५० मिमी उंचीचा स्तंभ स्वतःच्या वजनाने बसण्याच्या बेतात येतो. १५०, २०० आणि २५० मिमीचे तीन स्तंभ टाकीच्या कोपऱ्यात उभे केले तर कोहिजन कुठल्या टप्प्याला आले ते नुसत्या नजरेने कळते. फक्त स्तंभ चारही बाजूंनी ओलावा घेतो, उतार दोनच बाजूंनी. म्हणून स्तंभ आधी बसतो. त्याला खालची सीमा समजा, मोजमाप नव्हे.

इथेच आणखी एक प्रश्न येतो, तो तुम्ही विचारला नाहीत पण उत्तर त्यावरच ठरते. तुमचे विदारण सगळीकडे सारखे आहे की दर्शनी बाजूने आत सरकणारे? दमट हवा बाहेरून शिरते, ओलावा साधारण काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात आत जातो: पहिल्या तासात २० मिमी असेल तर चार तासांत ४०. मग उतार एकसंध कोसळत नाही, साली निघाव्यात तसा थरांनी सुटतो. खऱ्या कड्यांवरही बहुधा असेच घडते, त्यामुळे हा दोष नाही. पण एकच कोहिजन धरलेल्या सूत्राशी त्याची तुलना करू नका. सारखे विदारण हवे असेल तर भरतानाच आत ६ मिमी सच्छिद्र नळ्या १०० मिमी अंतरावर, उताराच्या रुंदीला समांतर घाला आणि दमट हवा आतूनही सोडा. नळी मऊ हवी. कडक नळी खिळ्यासारखी उतार धरून ठेवते.

छायाचित्रांवरून सरक मोजण्यासाठी: ६००० पिक्सेल रुंदीच्या कॅमेऱ्यात १२०० मिमी बसवले तर एका पिक्सेलला ०.२ मिमी. दोन छायाचित्रांची जुळणी पिक्सेलच्या दहाव्या हिश्शापर्यंत जाते, म्हणजे ०.०२ मिमी. त्यासाठी १० टक्के वाळू रंगवलेली मिसळा, एकरंगी पृष्ठावर जुळणी होत नाही. काचेवर स्थिर खुणा चिकटवा, कॅमेरा जरा हलला तरी दुरुस्ती करता येते. दमट हवेत काच आतून धुरकट होते, तिला खोलीपेक्षा दोन-तीन अंश गरम ठेवा. दर १० सेकंदांना एक छायाचित्र पुरते, कोसळण्याच्या क्षणासाठी वेगळा व्हिडिओ कॅमेरा सतत चालू ठेवा.

रुंदी ४०० आणि उंची ५००, हे प्रमाण मला कमी वाटते. काचेचे आणि प्लायवूडचे घर्षण उताराला दोन्ही बाजूंनी धरून ठेवते, आणि तुम्हाला दिसते ती नेमकी तीच धरलेली कड. काचेवर सिलिकॉन ग्रीस लावून पातळ पारदर्शक पत्रा चिकटवा, उंची ४०० वर आणली तर आणखी बरे. (उंची उतरली की लागणारे कोहिजनही त्याच प्रमाणात उतरते: ९० अंशांना ०.८३.) कोसळल्यावर मधोमध काप घ्या आणि भरताना उभ्या घातलेल्या रंगीत वाळूच्या पट्ट्या कुठे तुटल्या ते काचेजवळच्या चित्राशी ताडून पाहा.

---

कातळकडा:

ढिगाऱ्याबद्दल. दोन्ही प्रकार खरे आहेत, पण निसर्गातल्या वेगवेगळ्या जागांचे. पायथा समुद्राने किंवा नदीने सतत धुतला जात असेल तर ढिगारा काढायचा. नसेल तर ठेवायचा, कारण तो पायथ्याला आधार देतो आणि झाकलेल्या भागाचे विदारण थांबवतो. १८६६ मध्ये ऑस्मंड फिशर यांनी खडूच्या खाणीतल्या उभ्या कड्याबद्दल हेच मांडले होते: वरचा उघडा भाग मागे हटत जातो, खाली ढिगारा चढत जातो, आणि त्याखाली पुरलेल्या शाबूत खडकाचा आकार पॅराबोलाचा होतो. तुमच्या टाकीत प्रयोगानंतर ढिगारा अलगद उपसला तर तो गाभा पाहायला मिळू शकतो. काढायचाच असेल तर व्हॅक्यूमने काढा. फावड्याच्या धक्क्याने पुढचा भाग आपणच पाडून बसतो.

दुसऱ्यांदा कोसळण्याची वाट पाहणार असाल तर हिशेब करून ठेवा. ७० अंशांचा उतार सपाट पृष्ठावर सुटला तर नवा दर्शनी कोन (७० + ३५) ÷ २ = ५२.५ अंश. त्यासाठी सूत्रातला गुणक ५६ होतो आणि कोहिजन ०.१४ किलोपास्कलपर्यंत उतरावे लागते. एवढ्या मंद कोनांना हे सूत्र जरा जास्तच आशावादी आहे, खरा आकडा वर असतो. तरीही ओल्या वाळूचे केशाकर्षण त्याच्या वरच राहण्याची शक्यता मोठी. एक ग्रॅव्हिटीवर पहिले कोसळणे मिळेल, मागे मागे सरकणारी मालिका बहुधा नाही. ती हवी असेल तर सेंट्रिफ्यूज.

---

पन्नास_जी:

सेंट्रिफ्यूजबद्दल थोडक्यात. २०० मिमी उंचीचा, ७० अंशांचा उतार जितके "जी" (पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या पटी) फिरवाल तितक्या पटीने वजनदार होतो. कोसळायला लागणारे कोहिजन ०.१९ किलोपास्कल गुणिले जी. बंध १० किलोपास्कलचा असेल तर तो ५३ जी च्या सुमारास सुटेल. केशाकर्षणाचा १ किलोपास्कल तिथे दहा टक्क्यांची चूक ठरतो, सगळा प्रयोग गिळत नाही.

वेळेची खरी अडचण इथेच आहे. पाण्याचे झिरपणे आणि दाबाचा निचरा जी च्या वर्गाच्या पटीने वेगवान होतो: ५० जी वर २५०० पट. बंध विरघळण्याची रासायनिक क्रिया मात्र आहे त्याच वेगाने चालते. दोन घड्याळे जुळत नाहीत. म्हणून प्रतिकृतीतला एक तास म्हणजे डोंगरावरची अमुक वर्षे, असे विधान कुठल्याही मांडणीत करू नका. काळाऐवजी आडव्या अक्षावर कोहिजन ÷ (एककभार × उंची) घ्या. तुमच्या एक ग्रॅव्हिटीच्या टाकीलाही हेच लागू.

फिरत्या टोपलीत दमट हवा किंवा फवारा सोडणे कटकटीचे: थेंब वाऱ्याने आणि कोरिऑलिस परिणामाने (फिरण्यामुळे वाट वाकण्याने) एका बाजूला जातात. त्यापेक्षा अर्धा, १, २ आणि ३ टक्के जिप्समचे चार उतार बनवा, प्रत्येक म्हणजे विदारणाची एक गोठवलेली अवस्था. मग ५ जी च्या पायऱ्यांनी, प्रत्येक पायरीवर तीन मिनिटे थांबत, कोसळेपर्यंत फिरवा. चारही नमुने एकतर पूर्ण सुके किंवा पूर्ण भिजवून निथळलेले ठेवा, नाहीतर वर सांगितलेला भिजण्याचा गोंधळ इथेही शिरतो. जी मोजताना त्रिज्या माथ्यापासून एक तृतीयांश खोलीवरची धरा. दीड मीटर त्रिज्येला ५० जी म्हणजे मिनिटाला १७३ फेरे.

जी वाढवत नेणे आणि कोहिजन उतरवत नेणे, पहिल्या कोसळण्यापुरते एकच. त्यानंतर नाही: विदारणात घसरून शाबूत उरलेला भागही पुढे कमकुवत होत राहतो, इथे तो होत नाही.